‘जुना गिरणगावकर’ यांना उत्तर

मीरत (मेरठ) खटल्यावरच्या, म्हणजे 1929 मध्ये इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: आकडा चुकलाय, एकालाही फाशी झाली नाही, अपिलात शिक्षा उतरल्या, मग ही कसली वसाहतवादी हिंसा? 1948 नंतर कम्युनिस्टांना आत टाकणारे आपलेच होते. आणि वर, ‘गिरणीचा भोंगा न ऐकलेल्यांनी यावर लिहू नये.’

आकड्याचं मान्य. 20 मार्च 1929 ला पकडलेले 31 होते, मी 32 लिहिले. बत्तिसावा आरोपी, इंग्रज पत्रकार हचिन्सन, नंतर आत गेला. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता भोंग्याचं. मी चिंचपोकळीच्या चाळीत जन्मलो साहेब. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. 1928 चा संप सहा महिने चालला, दीड लाख कामगार बाहेर, तेव्हा आजीने पाटल्या मोडल्या. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनच्या वर्गणीची पावती ती तांदळाच्या डब्यात, तळाशी ठेवायची. मी शाळेत असताना, म्हणजे 1970 च्या आसपास, घरात ‘मीरत’ शब्द निघाला की ती आधी उठून दाराची कडी लावायची. मग बोला म्हणायची. इंग्रज जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती! तुम्हाला भोंगा ऐकू आला असेल, आम्हाला ती कडी ऐकू यायची. तेव्हा कोणी काय लिहावं याचे परवाने तुम्ही वाटू नका. ‘एसीत बसून’ हेही तुमचंच. आमच्याकडे पंखा आहे, तोही कुरकुरतो.

फाशीच मोजायची तर बोलणंच खुंटलं. संप मुंबईतला, नेते बरेचसे मुंबईचे, मग खटला मीरतला का? कारण मुंबईत ज्युरी बसवावी लागली असती. निकाल लागला जानेवारी 1933 मध्ये. जवळजवळ चार वर्षं! ऑगस्टमध्ये हायकोर्टाने शिक्षा उतरवल्या, तोवर युनियनची फळी मोडून झाली होती. आरोपींपैकी पुण्याचे ठेंगडी तर निकालाआधीच वारले. त्यांना कुठल्या रकान्यात घालू, सुटले म्हणून? कलम होतं 121अ, 1870 साली घातलेलं, राजाविरुद्ध कट. बॉम्ब नाही, बंदूक नाही. पुरावा म्हणून पत्रं, पुस्तकं, भाषणं.

1948 चं म्हणाल तर लेखाचा शेवटचा परिच्छेद त्यावरच आहे. विनाचौकशी कैद इंग्रजांच्या 1818 च्या बंगाल रेग्युलेशनमध्येही होती आणि 1950 च्या आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यातही. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल, राग लवकर आला असेल.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा. टोपणनावाला अहो-जाहो करताना माझी जीभ अडखळते.