आधी तपासा तरी!

माझ्या १९८६ सालच्या स्पोर्ट्‌स कारचा क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा) मुंबई-आग्रा महामार्गावर विल्होळी ओलांडताच सुटतो, आणि नाशकात अंबडपासून द्वारकेपर्यंत कोणत्याही गॅरेजमध्ये जावे, तर पहिले वाक्य एकच: "कंट्रोल युनिट बदलावे लागेल, साहेब." अहो, पण तपासले कोणी? ब्रेक दाबताच क्रूझ कंट्रोल तोडणारा पेडलवरचा स्विच नीट बसला आहे का, ही यंत्रणा ज्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेतलेल्या पोकळीवर) चालते त्याची रबरी नळी तडकली आहे का, एवढे तरी बघाल? जुन्या अनेक गाड्यांत ब्रेकचे दिवे गेले तरी ही यंत्रणा चालू होत नाही, हे तर कुणाच्या गावीही नाही! शेवटी परवा मीच बॉनेट उघडून नळी वाकवली, तर टोकाशी नखाएवढी चीर. हवा तिथूनच शिरत होती. एवढ्याशा कामासाठी माझे चार महिने का घालवले?