कौतुक पुरे, आधी गाडी काढा

"अय्या, सायकल! किती छान!" हे वाक्य गेल्या अडीच महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी "छान" म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सिग्नलला. परवा तर एका बाईंनी चारचाकीची काच खाली करून अंगठा दाखवला. त्याआधी दहाच सेकंदं बाईंनी तीच गाडी डावीकडे अशी दाबली होती की माझी चप्पल फुटपाथच्या दगडाला घासून तिचा पट्टा तुटला. म्हणजे कौतुक करता करता मारून टाकाल एक दिवस.

मी शेवटची सायकल चालवली ती २००१ साली. मग लग्न, मग स्कूटी, मग मुलगी, तिची शाळा, तिचे क्लास. सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. आता मुलगी बाहेरगावी शिकतेय आणि डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंय. पुण्यात कर्वे पुतळ्यापासून शिवाजीनगरचं माझं ऑफिस साडेसहा किलोमीटर. दुचाकीवर सकाळी पस्तीस मिनिटं लागतात, सायकलवर चाळीस. पाच मिनिटांसाठी रोज पेट्रोल जाळायचं आणि संध्याकाळी परत पैसे मोजून जिममधली न हलणारी सायकल चालवायची? म्हटलं, काढा खाली आपली लाल लेडीज एसएलआर सायकल.

इथून रड सुरू.

टायर चिरले होते, साहजिकच. घराजवळच्या चकचकीत दुकानात गेले. काचेच्या आत ऐंशी हजारांची सायकल टांगलेली, आणि खाली मोबाइलवर बोटं फिरवत बसलेला मुलगा. म्हटलं, सव्वीसचा टायर द्या. दिला. घरी आणला, मिस्त्रीला बोलावलं, तर टायर रिमवर बसेचना. परत गेले. "काका... सॉरी, काकू, सव्वीस म्हणजे सव्वीसच." अरे बाबा, माझ्या सायकलचा टायर २६ बाय १ ३/८ आणि तू दिलास तो २६ बाय १.९५. दोन्हीवर सव्वीस छापलेलं असलं तरी रिमवर बसण्याचा व्यास एकाचा ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९. तीन सेंटिमीटरचा फरक आहे! सायकल विकायला बसलास ना तू? मग हे मला, एका हिशेबनीस बाईला, रात्री अकरा वाजता मोबाइलवर वाचून का कळावं लागतं? त्यावर तो काय म्हणाला असेल? "काकू, ती सायकल भंगारात द्या ना. एक्स्चेंजमध्ये पाचशे धरू."

शेवटी पेठेतल्या एका बोळात, म्हाताऱ्या मिस्त्रींकडे, छताला टांगलेल्या जुन्या मालात मिळाले. दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, बॉटमचे छर्रे, ऑइलिंग, चाकांचा आउट काढणं, सगळं धरून त्या एक्स्चेंजच्या पाचशेच्या चौपट झाले. आनंदाने दिले. त्या माणसाने पैसे घेताना "छान" म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "सीट बोटभर वर घेतलीय, गुडघे दुखणार नाहीत." याला म्हणतात कौतुक.

हवेचं तर विचारूच नका. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते म्हणून गेले. त्यांची नळी माझ्या व्हॉल्व्हला बसत नाही! जुन्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा, आत ती शेवयीएवढी रबराची नळी असते तो. पंपावरच्या पोराने जन्मात पाहिला नव्हता. त्याने तो पिळून पिळून उघडला आणि होती ती हवाही फुस्स. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूबलेसमध्ये काळी पट्टी खुपसून दोन मिनिटांत शंभर घेतो. त्याला मी चाक उघड, ट्यूब काढ, पाण्यात बुडव, बुडबुडे बघ असं म्हटल्यावर त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "सायकलचं करत नाही." दुकानाच्या पाटीवर मात्र अजून सायकलचं चित्र आहे. पुसा ते आधी.

अंगाचं म्हणाल तर पहिले आठ दिवस मी ऑफिसात उशी घेऊन बसत होते. ते जाऊ दे. शरीर माझं आहे, त्याचं मी बघेन. रस्ता काय माझा एकटीचा आहे?

रस्ता. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांनी मधली जागा घेतली, डावी कड रिक्षा, टेम्पो आणि "दोनच मिनिटं हं" वाल्यांनी घेतली. उरलेल्या पट्ट्यात बस, त्या बसला डावीकडून मागे टाकणारे वीर, आणि मी. सायकल डावीकडून चालवावी असं आम्हाला शाळेत शिकवलं. कुठून चालवू? डावीकडे गटाराची जाळी आहे, आणि ती बसवणाऱ्याने तिच्या फटी नेमक्या रस्त्याच्या दिशेने ठेवल्यात, आडव्या नाहीत. माझा टायर दीड इंचालाही थोडा कमी. एकदा चाक त्या फटीत गेलं की मी हँडलवरून थेट पुढच्या रिक्षात. म्हणून जाळी आली की मी हातभर उजवीकडे सरकते, आणि सरकले की मागून हॉर्न. साधा नाही, तो ट्रकचा सुरावटीचा हॉर्न, दीडशे सीसीच्या गाडीला लावलेला. वर ओरडणं: "ओ मावशी, साइडने!" साइडला काय आहे ते बघ ना एकदा, डोळे आहेत ना?

नळ स्टॉपचा सिग्नल हा स्वतंत्र विषय आहे. हिरवा लागला की लागल्या क्षणी मागचे सगळे हॉर्न वाजवतात, जणू सिग्नल मीच अडवून धरलाय. थांबलेल्या सायकलला निघायला पायडलचा एक फेरा लागतो हो! अ‍ॅक्सिलरेटर नाहीये मला. आम्ही कॉलेजला जायचो तेव्हा डेक्कनच्या चौकात सिग्नल सुटला की आधी सायकली सुटायच्या आणि स्कूटरवाले मागून फटफट करत थांबायचे, कारण आम्ही शंभर असायचो. "सायकलींचं शहर" म्हणायचे ना पुण्याला! आता मी एकटी असते, त्यामुळे माझी किंमत रस्त्यातल्या खड्ड्याइतकीही नाही. खड्डा निदान चुकवतात तरी.

आता म्हणाल, सायकल ट्रॅक आहेत की. आहेत! माझा जाताना फर्ग्युसन रस्ता आणि येताना जंगली महाराज रस्ता, दोन्ही एकेरी. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ केले, झाडं सांभाळली, बाकं टाकली. बघायला खरंच देखणं काम आहे, मी नावं ठेवणार नाही. पण त्या ट्रॅकवरून संध्याकाळी साडेसहाला सायकल चालवून दाखवा. आधी खांब येतात, गाड्या आत शिरू नयेत म्हणून लावलेले. त्या दोन खांबांतून दुचाकी आरामात जाते. माझं कॅरिअरला पिशव्या लावलेलं धूड मात्र अडकतं. मग दुचाकींची रांग, तिरकी लावलेली. मग एक जोडपं, आइस्क्रीम खात, ट्रॅकच्या बरोबर मधून. घंटी वाजवली की दोघंही असे बघतात की मी त्यांच्या दिवाणखान्यात शिरलेय. मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेले चौदा भाऊ. मग समोरून उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला पोरगा. त्याच्यावर मला राग धरवत नाही, त्याच्या मोबाइलवर मिनिटं पळत असतात. आणि मग ट्रॅक संपतो. संपतो म्हणजे पाटी नाही, उतार नाही, नऊ इंचांची पायरी. उतरा, सायकल उचला, खाली ठेवा, परत बसा. सत्तेचाळीसाव्या वर्षी. कुर्ता सावरून.

आणि ट्रॅक सोडून रस्त्यावरून गेलं की हेच लोक सुनावतात, "एवढा ट्रॅक बांधून दिलाय, तिकडून जा ना."

२०१७ च्या डिसेंबरात या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला होता. त्यात शेकडो किलोमीटरच्या मार्गांचं जाळं होतं. त्याच सुमारास भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकलीही आल्या होत्या, मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या. लोकांनी काय केलं त्यांचं? सीटा काढून नेल्या, कुलपं फोडली, काही नाल्यात टाकल्या. दोन-तीन वर्षांत सगळ्या गायब. त्यामुळे सगळा दोष वरच्यांचा, असंही मला म्हणता येत नाही. आपण भाड्याने मिळालेली सायकल नाल्यात टाकणारी माणसं आहोत.

आणि कराची गंमत ऐका. मी हिशेबनीस, मला हे दिसतंच. २०१९ च्या ऑगस्टपासून विजेवरच्या गाड्यांना, अगदी पन्नास लाखांच्या मोटारीलासुद्धा, जीएसटी ५ टक्के. साध्या, पायाने मारायच्या सायकलला १२ टक्के! २०२५ च्या २२ सप्टेंबरला कुठे तो ५ वर आणला. म्हणजे सहा वर्षं दूधवाल्याच्या सायकलवरचा कर पन्नास लाखांच्या मोटारीपेक्षा चढ्या दराने होता आणि पर्यावरण वाचवत होती ती मोटार.

पण माझा खरा जाळ झाला तो ऑफिसच्या गेटवर.

पहिल्या दिवशी घामेजलेली, पण खुशीत पोचले. गार्डने हात आडवा. "मॅडम, सायकल पार्किंग नाहीये." म्हटलं, टू-व्हीलरमध्ये लावते. "त्याला स्टिकर लागतो." मग द्या स्टिकर. "स्टिकरला आरसीची झेरॉक्स लागते." सायकलला आरसी असते का हो? "मग स्टिकर नाही मिळणार." माझ्या वडिलांच्या सायकलला निदान पत्र्याचा बिल्ला तरी होता, कर भरल्याचा. तो असता तर झेरॉक्स काढून दिली असती. अ‍ॅडमिनला मेल केली, त्यांनी फॅसिलिटीला टाकली, फॅसिलिटीने बिल्डिंगवाल्यांना. उत्तर आलं: हाउसकीपिंगच्या सायकली मागे जनरेटरपाशी लागतात, तिथे लावावी.

तर मी रोज तिथे लावते. कचऱ्याचे डबे, जनरेटरचा धूर आणि चार सायकली. त्यातली एक आमच्या मजल्यावरच्या मामांची. काळी, चोवीस इंची फ्रेम, कॅरिअरला रबराने बांधलेला डबा. मामा बोपोडीवरून येतात. अकरा वर्षं. पावसात डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. त्यांना या अकरा वर्षांत किती जणांनी "अय्या, सायकल" म्हटलं असेल? मी विचारलं एकदा. हसले नुसते. म्हणाले, "मॅडम, बसला सुटे नसतात म्हणून."

आणि गेल्या महिन्यात एचआरची मुलगी माझा फोटो काढायला आली. कंपनीच्या मासिकात काहीतरी हिरवं-हिरवं सदर आहे, त्यात "इन्स्पायरिंग" म्हणून माझा फोटो हवा होता, हेल्मेट घालून, सायकलशेजारी. मी म्हटलं, मामांचा काढ, मी काही आठवड्यांची आहे, ते अकरा वर्षांचे. ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला. मग म्हणाली, जनरेटरपाशी नको, पुढे लॉबीसमोर काढू. लॉबीसमोर! जिथे सायकल उभी करायला मला गार्ड आडवा येतो, तिथे फोटोपुरती चालणार होती. मी नाही म्हटलं. आता मी "अ‍ॅटिट्यूडवाली" आहे म्हणे.

आमच्या सोसायटीत तसे सायकलवाले आहेत. बी विंगमधले एक जण दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत मारतात, मेडल आणतात. दमदार माणूस, पाय बघावेत त्यांचे. पण पहाटे सायकल गाडीच्या टपावर बांधून सुरुवातीच्या जागेपर्यंत जातात आणि ऑफिसलाही गाडीनेच जातात. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, शहरात वेडा चालवेल सायकल." म्हणजे सायकल एकतर मामांनी चालवायची, कारण दुसरा इलाज नाही, नाहीतर यांनी, कारण रविवार आहे. मंगळवारी सकाळी कॅरिअरला डबा लावून कामाला निघालेली बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिला छान म्हणायचं आणि दाबायचं.

सासूबाई तर थेट विचारतात, "अगं, गाडी विकली का? पैशांची काही अडचण आहे का?" त्यांचा मला राग येत नाही. निदान मनातलं बोलतात.

तर, जंगली महाराज रस्त्यावर मिठाईच्या दुकानासमोर रोज संध्याकाळी ट्रॅकवर पांढरी एसयूव्ही लावून आत बसणाऱ्या, सोमवारी मागे न बघता धाडकन दार उघडून वर मलाच "सांभाळून चला काकू" म्हणणाऱ्या भाऊंना निरोप आहे. मी सहा पस्तीसला तिथून जाते. माझ्या हँडलच्या डाव्या मुठीचं रबर फाटलंय, आतलं लोखंड अर्धा इंच बाहेर आलंय. मिस्त्री म्हणाले होते बदलून देतो. मी नको म्हटलंय.