‘गुन्हा कबूल केला की शिक्षा निम्मी’ : कोणत्या कायद्यात?

व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय. लुटारू असो की गांजा विकणारा, कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हटलं की शिक्षा निम्मी होते आणि म्हणून ही मंडळी लगेच बाहेर येतात, असा त्याचा सूर.

‘निम्मी होते.’ आपल्याकडे कबुलीला ठरावीक सूट नाही. ती इंग्लंडमध्ये आहे, आणि तिथेही सुरुवातीलाच कबूल केलं तर जास्तीत जास्त एक तृतीयांश. निम्म्याचा आकडा बहुधा २००६ साली लागू झालेल्या ‘प्ली बार्गेनिंग’मधून, म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोडीने शिक्षा कमी करून घेण्याच्या सोयीतून, उचललाय. जिथे किमान शिक्षा ठरलेली आहे तिथे तिच्या निम्मी, असं त्यात खरंच आहे. पण ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे त्यातून वगळलेत. जबरी चोरीला कमाल १० वर्षं, महामार्गावर रात्री केली तर १४. विषय संपला.

‘मग अमक्याला ३च वर्षं कशी झाली?’ साधी जबरी चोरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि त्यांना ३ वर्षांपलीकडे कैद देताच येत नाही. प्राणघातक हत्यार वापरलं असेल, तर किमान ७.

‘गांजावालेही असेच सुटतात.’ इथे कबुलीपेक्षा वजन बोलतं. १ किलोपर्यंत कमाल १ वर्ष. २० किलोच्या वर किमान १० वर्षं आणि किमान १ लाख दंड. आरोपी कोर्टात ढसाढसा रडला तरी न्यायाधीशांना त्या १० वर्षांच्या खाली उतरता येत नाही. शिवाय लूट आणि गांजा असे दोन वेगळे खटले असतील, तर कोर्टाने ‘एकत्र भोगाव्यात’ असं सांगितल्याशिवाय दुसरी शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते.

‘कबूल केलं आणि त्याच दिवशी घरी.’ हे घडतं, आणि लोकांचा गैरसमज इथेच होतो. तो माणूस आधीच वर्ष-दीड वर्ष कच्च्या कैदेत असतो. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात. कोर्टाने तेवढीच शिक्षा दिली की तो सुटतो. मेहरबानी कसली, भोगून झालेली असते! उलट तारखांना कंटाळून न केलेला गुन्हा कबूल करणारेही असतात. निर्दोष माणूस लांबलेल्या खटल्यापेक्षा छोटी शिक्षा पत्करेल, ही भीती सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बोलून दाखवली होती.

त्या कबुलीची किंमत संदेशात कुठेच नाही. ‘मी दोषी नव्हतो’ असं म्हणत अपील करण्याचा मार्ग साधारणपणे बंद होतो. भांडता येतं ते शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यावरच. अमली पदार्थांच्या तशाच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर कमाल शिक्षा दीडपट.