शेपट्या मोजणाऱ्या बाईचं उत्तर

लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) जिवाणूवरचं लिपोप्रोटीन, म्हणजे चरबीच्या शेपट्या जोडलेलं प्रथिन, आपल्या पेशींना कसं चेतवतं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एका निनावी वाचकाची ही प्रतिक्रिया: ‘मॅडम, इथे सिंधुदुर्गात माणसं लेप्टोने मरतायत आणि तुम्ही रेणूच्या शेपट्या मोजताय. लिपोपेप्टाइड वगैरे काही नसतं, नमुन्यात एलपीएसची भेसळ असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. उंदरावरचं माणसाला लागू होत नाही. एसीत बसून लिहायला काय जातं? आणि आकृती कुठाय?’

(एलपीएस म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड, जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला चरबी-साखरेचा रेणू. लिपोपेप्टाइड म्हणजे लिपोप्रोटीनचा छोटा, शेपट्यांकडचा तुकडा.)

आकृती हवी होती, मान्य. टाकते.

आता ‘पहिल्या वर्षाच्या पोरा’विषयी. मी पहिल्या वर्षाच्या पोरांनाच निवृत्त होईपर्यंत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, तेव्हा त्यांना काय कळतं याची मला तुमच्यापेक्षा जरा जास्त कल्पना आहे. भेसळीची शंका त्यांतला एखादा काढायचाच. पण तो हात वर करून विचारायचा, हिणवून नाही.

भेसळ होती, महाशय. फक्त उलट्या बाजूने. बाजारात मिळणाऱ्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीनचा अंश राहिलेला असायचा, म्हणून काही वर्षं एलपीएस टीएलआर-२ मधूनही (टीएलआर म्हणजे जंतूंचे अंश ओळखणारे आपल्या पेशींचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर) काम करतं असं वाटत होतं. २००० साली तेच एलपीएस पुन्हा फेनॉलने शुद्ध करून पाहिलं, तर टीएलआर-२ गप्प झाला आणि टीएलआर-४ चालू राहिला. म्हणजे तुम्ही जो आरोप लिपोपेप्टाइडवर ठेवताय, तो एलपीएसवर सिद्ध झालेला आहे. त्याच्याही आधीपासूनचा पुरावा हवा असेल तर सी३एच/एचईजे जातीचे उंदीर आहेत. त्यांचा टीएलआर-४ बिघडलेला, एलपीएस कितीही घाला, ढिम्म. त्यांच्याच पेशी लिपोप्रोटीनला मात्र व्यवस्थित प्रतिसाद देतात. तिथे कुठली भेसळ काम करते, ते तुम्हीच सांगा.

आणि ज्या शेपट्यांची तुम्ही टिंगल केलीत, त्यांच्यावरच सगळं अवलंबून आहे. पॅम३सीएसके४ नावाचा रेणू प्रयोगशाळेत बनवतात. सिस्टीन, सेरीन, चार लायसीन ही अमिनो आम्लं आणि पामिटिक आम्लाच्या तीन साखळ्या, म्हणजेच शेपट्या, बस. जिवाणूचा त्यात संबंधच नाही, तरी मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पेशी) तासाभरात टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन सोडायला लागतो. का, ते २००७ साली स्फटिकरचनेत दिसलं. दोन साखळ्या टीएलआर-२ च्या खिशात जातात, तिसरी शेजारच्या टीएलआर-१ च्या बोगद्यात. त्या तिसरीने दोन्ही ग्राहक एकमेकांना जोडले जातात, आतल्या बाजूला मायडी-८८ हे निरोप्या प्रथिन येतं, दाहाची जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या लिपोपेप्टाइडला दोनच साखळ्या, म्हणून तिथे जोडीदार टीएलआर-६ लागतो. त्याचा बोगदा फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंनी, दाराला आतून अडसर घालावा तसा, बंद केलेला असतो. तीन की दोन यावर जोडीदार बदलतो. मोजायच्या नाहीत तर काय करायचं?

उंदरांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे. लेप्टोचं एलपीएस उंदराचा टीएलआर-४ ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. आपल्याकडे ते काम टीएलआर-२ वर येतं. माणसाचं २००१ मध्ये छापून आलं, उंदराचं २००५ मध्ये. लेखात घेतलं नाही कारण लेख लिपोप्रोटीनचा होता. तुमच्या वाक्याला यातून थोडा आधार मिळतो असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

राहिला एसी. माझं माहेर कुडाळजवळचं. घरासमोर मळा, आणि आषाढात आम्ही सगळी पोरं गुडघाभर चिखलात तरवा (भाताची रोपं) काढायला. पायाच्या बोटांमध्ये पाण्याने चिरा पडायच्या, संध्याकाळी खोबरेल लावायचं आणि सकाळी परत त्याच चिखलात. बाबांना ताप आला तेव्हा डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत, आणि पोटऱ्यांना साधी चादर लागली तरी कळवळायचे. एका डॉक्टरांनी मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या. लघवी कमी व्हायला लागल्यावर दुसरीकडे नेलं, तिथे लेप्टो निघाला. बाबा वाचले. शेजारच्या घरातला माणूस वाचला नाही. तेव्हा इथे माणसं मरतात हे मला कुणी निनावी येऊन सांगायची गरज नाही.

गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, ताप आला की अंगावर काढू नका, डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. हे दर पावसाळ्यात लिहिते, तेव्हा तुमची प्रतिक्रिया येत नाही. त्यात चूक काढायला जागा नसते बहुतेक.

आकृती रविवारपर्यंत टाकते, टीएलआर-६ सकट. पुढच्या वेळी नाव लिहा. निदान कुठल्या गावचे, तेवढं तरी.