उजनीच्या हिशेबात मासा धरा

२०२४च्या उन्हाळ्यात भीमेवरच्या उजनी धरणाचा वापरायचा साठा संपला, पाणी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, आणि भावाचा फोन आला: चारी अर्धा किलोमीटर पुढे नेली, तेव्हा कुठे मोटरीला पाणी लागलं. त्याच चारीच्या तोंडाशी भोई मंडळींच्या होड्या गाळात रुतल्या होत्या. त्यांचं जाळं आमच्या पाइपाला अडकलं की भांडण ठरलेलं. लहानपणी मीही त्यात तावातावाने ओरडलोय. आज ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये मरे नदीचं पाणी पिताना त्याची लाज वाटते.

आपल्याकडे पाण्यावरून तालुके भांडतात. २०२१मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचं ठरलं, सोलापूर जिल्हा पेटला, निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा मी रोज बातम्या वाचत होतो. त्यांत ऊस होता, पिण्याचं पाणी होतं; मासा मला कुठे दिसला नाही.

धरणाच्या तळच्या पाण्याला आपण मृतसाठा म्हणतो. भोयाच्या लेखी ती बियाण्याची कणगी आहे. पाणी उतरलं की मासे जुन्या पात्रात दाटतात. मग एका जाळ्यात सगळंच येतं, जूनमध्ये अंडी घालणारी मादीसुद्धा. पुढे मोठा मासा मिळेनासा झाला की बारीक छिद्रांचं वडाप जाळं पाण्यात पडतं, पिल्लंही जातात, आणि दोष एकट्या मच्छीमाराच्या माथी येतो. वडाप बंद झालंच पाहिजे. पण उपसा कुणी मोजायचा?

इथे मरे-डार्लिंग खोऱ्यात कापूस, बदाम, द्राक्षं पिकतात. नदीसाठी पाणी राखायला सरकारने शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेतले. ते सांभाळायला स्वतंत्र अधिकारी आहे. २०१२पासून खोऱ्याचा आराखडा लागू आहे. तरीही २०१८-१९च्या उन्हाळ्यात मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मेले. दुष्काळ होताच, पण वरच्या अंगाला उपसा जास्त झाल्याने नदीत पुरेसं पाणीच उरलं नव्हतं, असं ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं. शिवाय इथल्या नदीतली देशी माशांची जाळ्यांची मासेमारी २००३च्या सुमारास बंदच झाली होती. नदीला पाणी मिळालं, ते कोळी पात्रातून उठल्यावर.

भीमेवर भोई अजून आहेत. म्हणून हे आत्ताच करायला हवं: कालवा सल्लागार समितीत पाणी सोडायचं आवर्तन ठरतं, तिथे मच्छीमारांचा माणूस बसवा. जुन्या पात्रात किती पाणी राहील, याची रेघ उन्हाळ्याआधी ठरवा आणि तिच्याखाली शेतीचा उपसा थांबवा.

हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, खोडव्याचा ऊस जळाला तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?" त्याचं खरं आहे. रेघेसाठी मोटर बंद ठेवणाऱ्याला त्या हंगामाची भरपाई सरकारने रोख द्यावी, आणि ठिबकचं अनुदान धरणकाठच्या उसाला आधी द्यावं. आमच्या सात एकरांपैकी दोनच ठिबकवर आहेत. उरलेल्या पाच एकरांचा खर्च यंदा मी पाठवतोय.