क्लोन कधी काढताय?

लग्नाच्या पंगतीत बसले की कुणीतरी काका विचारणारच, "तू लॅबमध्ये असतेस ना? मग माणसाचा क्लोन, म्हणजे हुबेहूब जुळी प्रत, कधी काढताय?" अहो काका, दिवसभर पिपेट (थेंब मोजून टाकायची नळी) दाबून अंगठा दुखतोय, पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायच्या प्रयोगाला) बँड, म्हणजे यशाची रेघ, येत नाहीये, आणि केमिकलची ऑर्डर एका सहीपायी अडकलीय! सिनेमात बटण दाबलं की काचेच्या टाकीतून तयार पहिलवान बाहेर. खरी क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ साली जन्मली, २७७ प्रयत्नांतून एकटी. ते २७६ वेळा हात चोळत बसणं कोण दाखवणार? आणि सिनेमात शास्त्रज्ञ म्हटला की केस पिंजारलेले, हसणं राक्षसी. बाई असेल तर चष्मा काढताच अप्सरा! मी चष्मा काढला तर मला पानातली जिलबी दिसत नाही. म्हणे जग बुडवणार! रात्री नमुन्यांचा फ्रीजर बंद पडला तर आमचीच तीन वर्षांची मेहनत बुडते.