दुखणं खोटं आहे असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार. निवृत्त खेळाडूंच्या जुनाट दुखण्यात मानसोपचाराचाही उपयोग होतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "कोट्यवधी कमावले, आता सांधे दुखतात म्हणून मानसोपचार कशाला? आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या बाईची कंबर कोण विचारतं?"

कंबरेचं मान्य, त्यावर शेवटी येतो. पण पैशानं दुखणं हटत असतं, तर बातिस्तुताचं हटलं असतं. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाचा हा स्ट्रायकर, तीन वर्ल्ड कपमध्ये 10 गोल. 2005 साली तो निवृत्त झाला आणि चालणंच मुश्कील झालं. 2014 मध्ये त्यानं स्वतः सांगितलं की शौचालय तीन मीटरवर होतं, तरी घोट्यांवर भार द्यायच्या धास्तीनं अंथरुणातच लघवी केली. मग डॉक्टरला म्हणाला, पाय कापून टाका. डॉक्टरनं ऐकलं नाही.

त्याच्या घोट्यातली कूर्चा झिजलेली होती. हे 'मनाचे खेळ' नव्हेत, आणि मीही तसं म्हटलेलं नाही. मनाचा प्रश्न वेगळाच आहे. दुखलं तरी दाखवायचं नाही, दातओठ खाऊन खेळायचं, हे खेळाडूच्या अंगात लहानपणापासून भिनवलेलं असतं. मैदानावर ते चालून जातं, कारण सामना संपतो. हे दुखणं संपत नाही.

माझे मामा कबड्डीवर नोकरीला लागले. जिन्याच्या वळणावर थांबले की मोबाइल काढून बघत राहायचे. फोन कुणाचाच आलेला नसायचा. बरं वाटेल त्या दिवशी चार किलोमीटर चालायचे, मग दोन दिवस पलंगावर. समुपदेशक बाईंनी सांगितलं, घड्याळ लावून 10 मिनिटं चाला आणि बरं वाटत असलं तरी थांबा. ते थांबणंच त्यांना जमेना. "दम असताना रेड सोडून परत यायचं?" महिनाभर मामी दारातून "दहा झाली हो" म्हणून हाक मारायची. गुडघे आजही दुखतात, पण पलंगावरचे दिवस कमी झाले. आणि हल्ली वळणावर "थांब जरा, दुखतंय" म्हणतात. हे त्यांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

आता तुमची ऊसतोड कामगार बाई. तिला घड्याळ लावून थांबता येत नाही. मजुरी टनावर, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' (म्हणजे मजुरांची एक जोडी), आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची असते. तिच्यावरचा लेख मी इथूनच सुरू करणार आहे.